पाहुणीला काम सांगायचं नसतं

माझं माहेर पुण्याचं आणि सासर नागपूरचं. मराठी माणसाला एवढ्यात सगळं कळतं, तरी सांगते. नागपूरकरांचा पक्का समज असा, की पुण्यात पाहुण्याला "चहा घेणार नसालच ना?" असं विचारतात. लग्नानंतरच्या पहिल्याच पंगतीत मी एका पाहुण्यांना "पोळी वाढू का?" असं विचारलं, तर सगळी पंगत हसली. "आमच्याकडे विचारत नाहीत, वाढतात," असं सासूबाई म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून पुण्याची अब्रू मी एकटीच्या खांद्यावर वाहते आहे. पुढे आमचे हे भूल देणारे डॉक्टर म्हणून नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात लागले, मुलगी इथेच जन्मली नि वाढली, पण ते ओझं काही मी खाली ठेवलं नाही. आमच्याकडे बॉयलर दुरुस्त करायला आलेला माणूससुद्धा चहा-पोहे झाल्याशिवाय बाहेर पडलेला नाही. एकाने तर बॉयलर धडधाकट असताना फोन करून विचारलं होतं, की काही बिघडलंय का.

मुलगी नोकरीसाठी ग्लासगोला गेली आणि वरची खोली रिकामी झाली. मी कौन्सिलच्या लायब्ररीत अर्धवेळ काम करते. तिथे कळलं, की परदेशातून इंग्रजी शिकायला येणाऱ्या मुलांसाठी एका भाषाशाळेला घरं हवी आहेत. मूल वर्षभर आपल्या घरी राहतं, आपल्यात जेवतं आणि सकाळी शाळेला जातं. मी लगेच नाव देऊन आले. ह्यांनी पेपरमधून डोकं वर काढून विचारलं, "आपल्याकडे राहून ते मूल नेमकं कुठलं इंग्रजी शिकणार?"

मी लक्ष दिलं नाही. इतक्या वर्षांच्या सरावाने ते आता आपोआप होतं.

सप्टेंबरात ती आली. विशीची जपानी मुलगी, बेताच्या उंचीची, आणि तिची बॅग तिच्याहून धिप्पाड. दारातच तिने बूट काढले, वळवून टोकं दाराकडे करून नीट जोडीने ठेवले, आणि मगच आत पाऊल टाकलं. तिथेच मी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले. आमच्या मुलीचे बूट ती इथे होती तोवर दाराशी कधी एकमेकांच्या शेजारी दिसले नाहीत. शाळेतर्फे तिला सोडायला आलेल्या इंग्रज बाई म्हणाल्या, की हिला अगदी घरातल्यासारखंच वागवा. मी म्हटलं, "घरातल्यासारखं? छे छे, त्याहून कितीतरी चांगलं वागवू." बाई हसल्या. मुलगीही हसली, पण जरा उशिराने.

तिला म्हटलं, मला काकू म्हण. तिने त्याला मागे जपानी पद्धतीचा आदर जोडला आणि मी काकूसान झाले. हे झाले डॉक्टरसान.

पहिल्या रात्री मी वरण-भात, बटाट्याची भाजी, पोळ्या आणि श्रीखंड असा बेत केला होता. तिने श्रीखंडाची वाटी चाटूनपुसून लख्ख केली. आता रिकामी वाटी बघून माझ्यासारख्या बाईने काय करायचं? मी वाढलं. तिने संपवलं. मी पुन्हा वाढलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग वाटीकडे पाहिलं, पाठ ताठ केली आणि पुन्हा संपवलं. ह्यांनी मराठीत म्हटलं, "अगं, ती इंग्रजी शिकायला आली आहे, वजन वाढवायला नाही." मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा, पोरीला आवडलंय." पानात टाकणं म्हणजे रांधणाऱ्याचा अपमान, हे तिला तिच्या आजीने शिकवलेलं. आणि पाहुण्याचं पान रिकामं दिसणं म्हणजे घराचा अपमान, हे मला माझ्या सासूने शिकवलेलं. दोघी आपापल्या घराण्याचं नाव राखत होतो, आणि त्यात तिच्या पोटाचे हाल चालले होते. पोटावर हात ठेवून ती मला म्हणाली, "इट्स ओके, काकूसान."

हे "इट्स ओके" म्हणजे एक प्रकरणच होतं. थंडी वाजतेय का, इट्स ओके. भाजी तिखट झालीय का, इट्स ओके. डोळ्यांतून पाणी वाहत असताना इट्स ओके. तीस वर्षं इंग्रजांत राहिल्यावर मला वाटत होतं, की मनातलं पोटात ठेवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. ही मुलगी आल्यावर इंग्रज मला अगदी भडाभडा बोलणारे वाटायला लागले.

जेवण झालं की ती आपलं ताट उचलून सिंककडे निघायची. मी ते वाटेतच काढून घ्यायची. "तू बस, तू पाहुणी आहेस." ती पुन्हा काहीतरी उचलायची, मी पुन्हा काढून घ्यायची. मी कपडे वाळत घालायला लागले की ही मागे येऊन उभी, हात पुढे केलेले. "काकूसान, कॅन आय हेल्प?" मी म्हणायची, "अजिबात नाही. अभ्यास कर, टीव्ही बघ, मजा कर." एकदा मी लायब्ररीतून परतले तर हिने स्वयंपाकघराची फरशी पुसून ठेवलेली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. नागपूरला कळलं असतं तर? पुणेकरणीने परदेशी पाहुणीकडून फरशी पुसून घेतली, हे पुढल्या तीन लग्नांना पुरलं असतं. मी मॉप उचलून गॅरेजमध्ये नेऊन ठेवला, धुण्याच्या पावडरीमागे, आणि तिला चांगलं समजावलं, की आमच्याकडे असं चालत नाही. ती वाकून सॉरी म्हणाली. मी म्हटलं, सॉरीसुद्धा म्हणायचं नाही. ती त्याबद्दलही सॉरी म्हणाली.

मग टबाची भानगड. इथल्या सगळ्या मराठी घरांत असते तशी आमच्याही टबात बादली आणि तांब्या असतो. तो बघून ती पहिल्याच दिवशी इतकी खूश झाली, की मला वाटलं, जपान बहुधा आपल्याच बाजूला कुठेतरी आहे. पण संध्याकाळी ती आंघोळ करून बाहेर आली की टब गरम पाण्याने काठोकाठ भरलेला असायचा. बूच काढायचंच विसरायची. रोज! मी रोज आत जाऊन बूच ओढायची, टब घासायची आणि त्यावर ब्लीच मारायची. बोलणार कसं? पाहुणीला असलं काही बोलतात का? पाणी मोठ्याने गुडगुडत खाली जायचं आणि ती वरच्या जिन्यात उभी राहून ऐकत असायची. मला वाटायचं, आता तरी हिच्या लक्षात येईल.

हळूहळू ती जेवण झालं की सरळ वर जायला लागली. खोलीचं दार बंद. हसणं तेवढंच, वाकणं थोडं जास्त. मी पाहुणचार वाढवला. लेस्टरहून आंबे आणले, अवेळी आणि भलत्या भावाने. शनिवारी तिला गाडीतून फिरवलं. ह्यांनी सुचवून पाहिलं, की जरा श्वास घेऊ द्यावा. मी म्हटलं, "नागपूरकर ना तुम्ही? मग?"

दिवाळीच्या आधी मी चकल्या करत होते. ओट्यापाशी मी, कढईत तेल तापलेलं, हातात पितळी सोऱ्या. ती दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत होती. सोऱ्याची मूठ फिरते आणि खालून काटेरी पीठ गोल गोल उतरतं, ह्यावरून तिचे डोळे हलत नव्हते. मग ती पुढे आली आणि दोन्ही हात पुढे केले, आपण तीर्थ घ्यायला करतो तसे. मी पटकन गरम चकल्या बशीत काढल्या आणि ती बशी त्या हातांवर ठेवली. "बस, तिकडे टेबलाशी बसून खा." तिने बशी घेतली. "थँक यू, काकूसान." टेबलाशी बसून तिने सगळ्या चकल्या खाल्ल्या आणि वर गेली. मी मनात म्हटलं, बघा, किती आवडल्या.

दिवाळी झाली आणि शाळेतल्या बाईंचा फोन आला. "कसलाही प्रॉब्लेम नाही," अशी त्यांनी सुरुवात केली. इंग्रज माणूस अशी सुरुवात करतो तेव्हा आपण खुर्ची ओढून बसावं. मी बसले. बाई म्हणाल्या, की मुलगी फार आनंदात आहे, तुम्ही दोघं अतिशय प्रेमळ आहात, घर सुंदर आहे, जेवण तर काय विचारता. फक्त तिला वाटतं, की आपल्यामुळे तुम्हाला फार त्रास होतोय. तेव्हा जिथे तिचा त्रास जरा कमी होईल अशा घरी जायला तिला आवडेल. बीस्टनला एक विधवा बाई आहेत, तिला पुढच्या शनिवारी हलवता येईल. "त्यांच्याकडे एक मोठा कुत्रा आहे," बाई उत्साहाने म्हणाल्या, "रोज त्याला फिरवायला न्यावं लागेल. त्याची ती अगदी वाट बघतेय."

मी फोन ठेवला आणि तशीच बसून राहिले. माझ्या श्रीखंडापुढे हिने कुत्रा पसंत केला. ह्यांना सांगितलं तेव्हा वाटलं होतं, की आता नागपूरचा विजय साजरा होईल. पण हे माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "तू काही कमी केलं नाहीस गं." त्यावर मात्र मला रडू आलं. आमची मुलगी गेल्यावर अंधारलेल्या त्या खोलीत दिवा लागलेला बघायची मला पुन्हा सवय झाली होती. तो दिवा शनिवारी विझणार, हे मला सहन होत नव्हतं, आणि तो का विझणार हे कळत नव्हतं, ते त्याहून सहन होत नव्हतं.

त्याच्या आधीच्या शनिवार-रविवारी आम्ही ग्लासगोला मुलीकडे जाणार होतो. पाहुणीला विचारलं, येतेस का? इट्स ओके. म्हणजे नाही. फ्रीजमध्ये तिला पुरून उरेल इतकं रांधून ठेवलं, कशालाही हात लावायचा नाही असं बजावलं आणि आम्ही ट्रेनमध्ये बसलो.

मुलीने तिच्या मित्राबरोबर नवा फ्लॅट घेतला होता. त्याला मित्र म्हणायचं की जावई, हे आमच्याकडे अजून ठरलेलं नाही, म्हणून मी त्याला सरळ "बाळ" म्हणते. जुनी लाल दगडाची इमारत, तिसरा मजला. मी घरून मेतकूट, भाजणी आणि ताजी कोथिंबीर घेऊन गेले होते. पिशवी घेऊन मी स्वयंपाकघरात शिरले तोच मुलीने ती माझ्या हातातून काढली.

"आई, तू बस. यू आर ऑन हॉलिडे."

"अगं, कोथिंबीर निवडून ठेवते, नाहीतर..."

"नाही, आई. तुझी पाय दुखतात. हा माझा किचन आहे ना? मी करते सगळी."

मराठीचं व्याकरण तिने जाताना नॉटिंगहॅमलाच ठेवलं होतं. मी सोफ्यावर बसले. बाळाने चहा आणला. चहा पिऊन मी कप उचलला, तर बाळाने तो हसत हसत काढून घेतला. जेवणानंतर मी ताट उचललं, मुलीने काढून घेतलं. वाळत घातलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला गेले, तर "आई, प्लीज, रिलॅक्स" म्हणून पाठीमागे उशी सरकवली. ती उशी चांगली होती. टीव्हीवर लोक घरं बघत होते. आत दोघांचं काहीतरी हसणं-खिदळणं, भांड्यांचा आवाज, आणि मी इकडे हात मांडीवर ठेवून बसलेली. मला माझे हात कुठे ठेवावेत ते कळेना. माझ्याच मुलीच्या घरात मला वेटिंग रूममध्ये बसल्यासारखं वाटत होतं.

दुपार कशीबशी गेली. मी ह्यांना हळूच म्हटलं, "ऐका ना, आपण उद्या सकाळचीच ट्रेन घेऊ या का? उगाच आपल्यामुळे पोरीला त्रास."

हे माझ्याकडे बघतच राहिले. आणि मी स्वतःचं वाक्य ऐकलं. हेच वाक्य मी फोनवर ऐकलं होतं, बाईंच्या तोंडून, सुंदर इंग्रजीत.

मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. मुलगी ओट्याशी उभी होती. म्हटलं, "पाहुण्यांना काम सांगायचं नाही, हे तुला कुणी शिकवलं गं?"

"तूच तर," ती म्हणाली. "लहानपणापासून. गेस्टना काम नाही सांगायची."

"मी गेस्ट आहे का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. पोरीचे डोळे भरले, तिने फ्रीज उघडला, कोथिंबिरीची जुडी काढली आणि माझ्या हातात दिली. "पटापट कर हं," ती म्हणाली, "मला सहा वाजता हवी." मी ती जुडी इतक्या प्रेमाने निवडली, की बाळाने तिचा फोटो काढला.

रविवारी संध्याकाळी गारठून घरी पोचलो. पाहुणीने दार उघडलं, वाकली, आणि म्हणाली, की बाथ तयार आहे, डॉक्टरसानने आधी जावं. वरच्या पॅसेजमध्ये तिची धिप्पाड बॅग उभी होती. हे दमलेले होते, मुकाट्याने गेले. लग्न झाल्यापासून ह्यांनी बादली-तांब्याखेरीज दुसरी आंघोळ केलेली नाही. बराच वेळ आतून आवाजच नाही. मग गुलाबी होऊन बाहेर आले आणि म्हणाले, "अगं, हे काय सुख आहे!"

मी तिला विचारलं, रोज पाणी का ठेवत होतीस? तिने तिच्या सावकाश इंग्रजीत सांगितलं. आधी बादलीने अंग पूर्ण धुवायचं. ते पाणी सोडून द्यायचं. मग स्वच्छ अंगाने गरम पाण्यात बसायचं. ते पाणी घाण नसतं, ते सगळ्या घराचं असतं. मोठ्यांचा मान पहिला. पण इथे तर काकूसान टबात बसतच नाही, तेव्हा निदान आपल्यामागून तुमच्यासाठी पाणी गरम ठेवावं, म्हणून ती ठेवायची. "मग रोज आवाज यायचा," ती म्हणाली, आणि हाताने पाणी खाली जाताना दाखवलं. गुडगुड, गुडगुड. "मला वाटलं, तुम्हाला माझं पाणी आवडत नाही."

ब्लीचचं मी काही बोलले नाही. काही गोष्टी पोटातच बऱ्या, हे मी एव्हाना तिच्याकडूनच शिकले होते.

ती जाऊ नये असं मला वाटत होतं, पण जाऊ नकोस म्हणायची सोय नव्हती. मी म्हटलं असतं तर ती इट्स ओके म्हणून राहिली असती, आणि मला कधीच कळलं नसतं. म्हणून सोमवारी सकाळी उठून गॅरेजमधला मॉप परत जागेवर आणला आणि जिन्याखालून हाक मारली, आमच्या मुलीला मारायची तशी, खणखणीत. "अगं ए, खाली ये! कामं पडलीयेत!"

मराठी तिला कळलं नाही. पण ती धडाधड जिना उतरून आली. मी तिच्या हातात सुरी दिली आणि कांदे दाखवले.

आता इथे कुणाला वाटेल, की जपानी मुलगी म्हणजे सुरीची जादूगार. तसं काही नाही. तिने कांद्याचे असे तुकडे केले, की त्यातला एक दारात अडकवला तर दार बंद होणार नाही. मी म्हटलं, "हा कांदा आहे की बटाटा?" आणि तिला शेजारी उभी करून दाखवलं. मग विरजण लावायचं म्हणून दूध तापत ठेवलं आणि तिला म्हटलं, दुधाकडे बघ, मी आलेच. परत आले तर ती दुधाकडे बघतच होती. दोन्ही हात मागे बांधून, अगदी मन लावून. दूध वर आलं, फुगलं, काठावरून उतरलं, शेगडीवर पसरलं, ओट्यावरून ओघळून जमिनीवर आलं, आणि ती एकटक बघत होती.

"अगं डोळे आहेत का बटणं!" मी ओरडले. "उतू गेलं की सगळं! गॅस बंद करायला काय मुहूर्त हवा होता का?"

सगळं मराठीत, सगळं टिपेच्या आवाजात. ती दचकली. तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, झालं, आता आजच जाईल. आणि ही मुलगी हसायला लागली. तोंडावर हात ठेवून, मग हात काढून, मग ओट्याला धरून. मी इतके दिवस जे बघत होते ते हसणं नव्हतंच. हे तडातडा खाली आले. "काय झालं? कुणाला भाजलं का?"

"कुणाला नाही," मी म्हटलं, "तुमच्या लेकीने दूध उतू घालवलं."

हे थांबले. मीही थांबले. तिला तो शब्द कळायचं काही कारण नव्हतं. ती आधीच मॉप घेऊन फरशी पुसायला लागली होती आणि मी तो काढून घेतला नाही. पुसता पुसता ती म्हणाली, "सॉरी, काकू." मागचा सान कुठेतरी दुधाबरोबर सांडला होता.

दोन दिवसांनी तिने शाळेतल्या बाईंना फोन केला. दार उघडं होतं, मी ऐकलं. इथेच राहते म्हणाली. बाईंनी बहुधा विचारलं, की त्रासाचं काय? ती म्हणाली, "इट्स ओके." त्या वेळी मात्र त्याचा अर्थ मला स्वच्छ कळला. बीस्टनच्या कुत्र्याबद्दल वाईट वाटलं, पण फार नाही.

त्यानंतरचे महिने कसे गेले ते काय सांगू. तिने माझे कप फोडले, मी तिला रागावले. मी तिला वाढलं, तिने वाटीवर हात ठेवायला शिकून घेतलं आणि मला रागावली. संध्याकाळी मोठ्यांचा मानबिन बाजूला ठेवून तिच्यामागून हे टबात आणि ह्यांच्यामागून मी. नागपूरला मी हे कळू दिलेलं नाही.

जूनमध्ये तिला न्यायला तिची आई आली. मुलीइतकीच नाजूक, सुती हातरुमाल, तेच वाकणं, दाराकडे टोकं करून ठेवलेले तेच बूट. आईला इंग्रजी नव्हतं. चहा झाला आणि आईने आपला कप उचलून हळूच सिंककडे पाऊल टाकलं. तोच ही चपळाईने उठली, कप आईच्या हातातून काढून घेतला, तिला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि पाठीमागे उशी सरकवली. काय म्हणाली ते जपानीत होतं, पण मला भाषांतर नको होतं. "तू बस. तू पाहुणी आहेस." शब्द न शब्द माझा. मग ती माझ्या ओट्याशी गेली, न बघता माझ्या डब्यातून चकल्या काढल्या आणि बशी आईसमोर ठेवली.

आई बसली. मांडीवर हात ठेवून बसली. ते हात मी ओळखले.

आईने मान झुकवून मला काहीतरी विचारलं. मुलीने इंग्रजीत सांगितलं, "ती विचारते, मी तुम्हाला वर्षभर त्रास तर नाही ना दिला?" ह्याचं उत्तर काय द्यायचं असतं ते आम्हा तिघींनाही ठाऊक होतं. पुण्यात, नागपुरात, जपानात, सगळीकडे एकच. छे छे, कसला त्रास. मुलगी माझ्याकडे बघत उभी होती, भाषांतर करायला तयार.

"तिला सांग," मी म्हटलं, "खूप त्रास दिलास. खूप खूप. रोज दिलास."

मुलीचं तोंड वेडंवाकडं झालं. तिने एकदा सुरुवात केली, थांबली, नाक पुसलं आणि मग सांगितलं. आई घाबरून अर्धी उठली, माफी मागायला वाकायला लागली. मुलगी तिच्या शेजारी बसली आणि बराच वेळ काहीतरी सांगत राहिली. मध्ये दूध शब्द ऐकू आला, मराठीत. आईने हळूहळू मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. आईने डोळ्यांना रुमाल लावला, उठून आमच्या तिघींचे कप गोळा केले आणि सिंकशी जाऊन नळ सोडला. या वेळी तिला कुणी थांबवलं नाही.